तुळईवरचा घाव

15 जून 2023 ची दुपार. सोलापूरच्या होटगी रस्त्याच्या बाजूला, पोलिसांनी आखून दिलेल्या हद्दीच्या अलीकडे, तुम्ही गर्दीत उभे आहात. समोर लांबवर श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी आहे. उंची सुमारे 90 मीटर. गेली कित्येक वर्षं या शहरात नुसतं ‘चिमणी’ म्हटलं की हीच. उतरणाऱ्या विमानांना तिचा अडथळा होतो म्हणून पाडायची, की ऊस घालणाऱ्या सभासदांसाठी राखायची, हा वाद कोर्टकचेऱ्या फिरून आज इथे येऊन थांबलाय. पायथ्याला भोकं पाडून त्यांत स्फोटकं भरलेली आहेत.

शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा हाताची घडी घालून उभे आहेत. “आमच्या उसाच्या पैशातनं उभी राहिलीय ती,” ते कुणाकडेही न बघता म्हणतात. मागचा पोरगा मोबाईल वर धरून तयार आहे. “विमान पायजे का नको पण, आजोबा?” आजोबा उत्तर देत नाहीत.

पायथ्याशी धुळीचा लोळ उठतो. आवाज किंचित उशिरा कानावर आदळतो. चिमणी कलायला लागते.

इथेच काळ थांबवा. आज तुम्हाला ती मुभा आहे. गर्दी, धूळ, आजोबांची नजर, सगळं जागच्या जागी राहू द्या आणि एकटेच पुढे चालत जा.

चिमणी सरळ उभी असते तोवर ती मुख्यतः खांब असते. वजन सरळ पायथ्यात उतरतं, काँक्रीट दाबलं जातं, आणि दाब सोसणं हे काँक्रीटचं हक्काचं काम. कलली की तिचा धर्मच बदलतो. आता ती तुळई झाली, एका टोकाला धरलेली आणि हवेतून आडवी होत निघालेली. तुळईच्या नशिबी वाकणं असतं. वाकलं की एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. काँक्रीट जेवढा दाब सोसतं त्याच्या साधारण एक दशांश ताणातच ते फाटतं.

आता जमिनीपासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे तिसाव्या मीटरच्या आसपास, नजर लावा. पडणारी चिमणी हवेतच मोडणार असेल, तर साधारण तिथून किंवा त्याच्या थोडं वर मोडते. याचं कारण सुंदर आहे. आखूड काठी उभी करून सोडली तर ती लवकर पडते, लांब काठीला वेळ लागतो. चिमणीचा खालचा भाग आखूड काठीच्या घाईत असतो, वरचा भाग लांब काठीच्या संथपणात. दोघं एकाच अंगात बांधलेले. खालचा वरच्याला ओढतो, वरचा मागे रेलतो, आणि या ओढाताणीत सगळ्यात जास्त वाक एक तृतीयांशावर येतो. ज्या बाजूला चिमणी झुकते आहे त्याच बाजूचं काँक्रीट ताणलं जातं आणि पहिली भेग तिथे उघडते. जमिनीला शिवण्याआधी, हवेतच, तिला तिच्याच वजनाचा मार बसत असतो.

काळ सोडा. सारख्या जाडीचा 90 मीटरचा दांडा पायथ्याशी फिरून पडतो असं धरलं, तर जमिनीला टेकताना शेंड्याचा वेग ताशी 185 किलोमीटरच्या घरात जातो. वर निमुळत्या होत गेलेल्या चिमणीचा थोडा जास्त असेल. पायाखालची जमीन हलते. धूळ बसेपर्यंत काही दिसत नाही. मग दिसतो तो ढीग, आणि ढिगातून वर आलेल्या सळया.

त्या सळयांपाशी थांबा. काँक्रीटचे तुकडे झाले, त्यांच्या कडा धारदार आहेत, काही ठिकाणी नुसता भुगा उरलाय. सळया मात्र वाकल्या, पिळल्या, एकमेकींत अडकल्या, आणि बऱ्याचशा अखंड आहेत. मार एकच, वेग एकच, जमीन एकच. एका पदार्थाने तो मार तुटून संपवला, दुसऱ्याने वाकून. सगळा मामला या दोन वागण्यांतल्या फरकाचा आहे, आणि तो फरक माणसाला शिकवायला फार जीव खर्ची पडले. त्यांतले काही इथून शंभर किलोमीटरच्या आत. तिकडे जायचंच आहे. आधी बरंच मागे आणि फार लांब जाऊ.

24 मे 1847. इंग्लंडमधल्या चेस्टरजवळ डी नदीचा काठ, संध्याकाळ. समोरचा रेल्वेपूल नवा कोरा आहे. तीन गाळे, प्रत्येक 98 फुटांचा, आणि ते पेलणारे गर्डर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. एवढ्या लांबीचा एकसंध गर्डर ओतता येत नाही म्हणून तीन-तीन तुकडे बोल्टांनी जोडलेत, आणि आधाराला घडीव लोखंडाच्या पट्ट्या बांधल्यात. पूल बांधणारा रॉबर्ट स्टीफन्सन म्हणजे त्या काळातला रेल्वेचा सगळ्यात मोठा माणूस. आज दुपारीच पुलाच्या लाकडी तळावर दगडी खडी पसरली आहे. इंजिनातून ठिणग्या पडून लाकूड पेटू नये ही काळजी. खडीला वजन असतं, तेही आता गर्डरवर आहे.

गाडी येते. शेवटच्या गाळ्यावर चालकाला पायाखालचा रूळ खचल्यासारखा वाटतो. तो वाफ पूर्ण सोडतो. इंजिन कसंबसं पलीकडे पोचतं. मागचे डबे गर्डरबरोबर नदीत जातात. पाच माणसं मरतात.

पण तुम्ही गर्डरकडे बघत राहा. तो वाकला का? नाही. बीड खडूसारखं तुटतं. तुटायच्या क्षणापर्यंत ते सरळ, शांत, भक्कम दिसतं. ते दाब सोसतं त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढाच ताण त्याला झेपतो. ईटन हॉजकिन्सन नावाच्या संशोधकाने हे आधीच मोजून दाखवलं होतं. बिडाच्या तुळईची खालची, ताणली जाणारी कड वरच्या कडेच्या सहापट मोठी ठेवा, असं त्याचं सांगणं होतं.

चौकशी झाली आणि तिथे जो वाद पेटला तो आजही प्रत्येक अपघातात पेटतो. स्टीफन्सनची बाजू अशी की गाडी आधी रुळावरून घसरली, डबा गर्डरवर बाजूने आदळला आणि त्या धडकेने गर्डर तुटला. सरकारी तपासनिसांचं म्हणणं की गर्डरच कमजोर होता, तो तुटला म्हणून गाडी गेली. धडक झाली म्हणून तुटलं, की तुटलं म्हणून धडक झाली? पंचांनी कमजोरीची बाजू मान्य केली. मला तो निवाडा योग्य वाटतो. जो पूल एका डब्याच्या धडकेने नदीत जातो, त्याचा बचाव ‘धडक बसली’ म्हणून होऊ शकत नाही. पुलावरून गाड्याच जाणार असतात.

दोन वर्षं पुढे सरका. राजाज्ञेने नेमलेला आयोग रेल्वेच्या कामात लोखंड कसं वापरावं याचा शोध घेतोय, आणि तुम्ही त्याच्या प्रयोगाच्या खोलीत आहात. बिडाची तुळई दोन टेकूंवर बसवलेली. बाजूला दोरीला टांगलेला जड गोळा. गोळा मागे ओढतात, सोडतात. ठण्ण! तुळई थरथरते, किती वाकली याची नोंद होते. पुन्हा गोळा मागे. ठण्ण! हे एकदा-दोनदा चालत नाही, हजारो वेळा चालतं. आधी ती तुळई किती वाकल्यावर मोडते ते काढून ठेवलंय. प्रत्येक घावाला त्या मर्यादेच्या एक तृतीयांश एवढीच वाकू दिली तर चांगली ओतीव तुळई 4000 घाव सोसते. निम्म्यापर्यंत वाकवली तर एकही तुळई 4000 चा आकडा गाठत नाही.

हे ऐकायला कोरडं वाटेल, पण बाकावर बसून एकदा विचार करा. निम्म्यापर्यंत! म्हणजे एका घावाने जी तुटायच्या जवळपासही जात नाही, ती अनेक घावांनी तुटते. बाहेरून काही दिसत नाही. प्रत्येक घाव आत काहीतरी ठेवून जातो, आणि कुठल्यातरी एका, इतर घावांसारख्याच घावाला ती जाते. शेवटच्या धडकेला दोष देणारे लोक आधीचे घाव मोजत नाहीत.

हा स्टीफन्सन आपल्या गोष्टीतून जात नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता तोच. त्याच्या शिफारशीने 1850 मध्ये जेम्स बर्कली मुंबईला येतो, 1853 मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुटते, आणि मग रूळ दख्खनकडे निघतात. तुम्ही आता 6 जून 1860 च्या सोलापुरात उतरा. मोहोळहून सोलापूरपर्यंतची लाइन आज उघडते आहे. बोरघाटातला रूळ अजून तीन वर्षं लांब आहे, त्यामुळे मुंबईचा उतारू घाटाखाली उतरतो, घाट पालखीत नाहीतर तट्टावर चढतो आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसतो. तरीही कापसाच्या व्यापाऱ्यांचे चेहरे बघा. त्यांनी मनात हिशेब मांडलाय. स्टीफन्सन हे बघायला उरलेला नाही, तो मागच्या ऑक्टोबरात वारला.

डी नदीच्या काठी जे समजलं ते रुजायला मात्र वेळ लागला. इंग्लंडात ताणाखाली येणाऱ्या कामातून बीड मागे पडत गेलं, घडीव लोखंड पुढे आलं, आणि पुढे पोलाद. ही साधी अदलाबदल नव्हती. लोखंड किती वजन पेलतं हे विचारून भागत नाही, हरल्यावर ते काय करतं हेही विचारावं लागतं, एवढं अभियंते शिकले होते. घडीव लोखंड हरताना लांबतं. पोलाद त्याहून चांगलं लांबतं. लांबताना ते धडकेतली शक्ती स्वतःच्या अंगात खर्च करतं, आणि तेवढ्या वेळात माणूस सरकतो, गाडी थांबते, छप्पर वरच राहतं.

सोलापुरात असे घाव रोज हाताळणारी माणसं होती. त्यांना आयोगाचा अहवाल ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. साल 1970 च्या आसपासचं कुठलंही धरा आणि पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरा. खटखटाटाने कान भरून जातील. चादरीचा माग चाललाय. पिकिंग स्टिक नावाची लाकडी काठी धोट्याला फटका मारते, धोटा ताण्यातून पलीकडे जातो, पलीकडची काठी त्याला परत मारते. मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा फिरतो, म्हणजे प्रत्येक काठीच्या वाट्याला मिनिटाला पन्नास-साठ फटके. आयोगाचे ते 4000 घाव इथे सव्वा तासात उरकतात, आणि काठीची पाळी अजून बरीच बाकी असते.

ती टिकते कशी? लाकूड धाग्यांचं बनलेलं असतं. एक धागा तुटला तरी शेजारचा भार घेतो. वर कातड्याचा पिकर असतो, तो धक्का मऊ करतो, म्हणजे तोच मार थोड्या जास्त वेळात पसरतो. वेळ वाढला की जोर कमी होतो. माग दुरुस्त करणारा जॉबर येतो, काठीकडे न बघता कान देतो. “मालक, आवाज बदललाय हिचा. आज नाय तर उद्या जाणार ही.” तो पान्याने नट सैल करतो आणि काठी बदलतो. लाकडाने सांगितलं आणि ऐकणारा होता.

आता मन घट्ट करून तयार व्हा.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. तुम्ही सोलापुरातल्या एका चाळीत झोपला आहात. आदल्या रात्री गणपती गेले, गुलाल अजून केसांत आहे. भांडी वाजतात. खाट सरकते. कुणीतरी ओरडतं आणि जिना पायांनी भरून जातो. खाली रस्त्यावर सगळं शहर उतरलंय, माना वर करून आपापल्या घरांकडे बघतंय. घरं उभी आहेत. लोक एकमेकांना विचारतात, कुठे झाला असेल?

तुम्हाला माहीत आहे कुठे. काही मिनिटं मागे जा आणि ईशान्येला सरका, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवर. किल्लारी. सास्तूर. पश्चिमेला उतरलेला जवळजवळ पूर्ण चंद्र आहे. गाव नुकतं झोपलंय. तुम्ही एका घरात उभे आहात आणि तुम्हाला कुणाला उठवता येणार नाही. काळात फिरणाऱ्याला बघता येतं, हात लावता येत नाही. मला हे लिहिताना त्याचा राग येतो.

घर नीट बघून घ्या. भिंत दोन-तीन फूट जाड, काही ठिकाणी त्याहूनही जाड. लहानपणापासून आपण ऐकत आलोय की जाड भिंतीचं घर भक्कम. जवळून बघा. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दगडांचा दुसरा थर, आणि मधे चिपा आणि मातीचा भराव. दोन्ही थरांना एकत्र धरणारा आरपार दगड नाही. म्हणजे ही एक जाड भिंत नाही, शेजारी शेजारी उभ्या दोन बारीक भिंती आहेत आणि मधे त्यांना बाहेर ढकलायला टपलेली माती.

आत लाकडी खण. तळखड्यांवर खांब उभे, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि त्याच्यावर माळवदाची माती. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, म्हणूनच ते शतकानुशतकं बांधलं गेलं. पण दर पावसाळ्याआधी गळती बुजवायला नवी माती चढते आणि जुनी कुणी उतरवत नाही. अर्धा मीटर जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास भरतं. दहा चौरस मीटरच्या खोलीवर आठ टन. त्याखाली पोरं झोपली आहेत.

जमीन सरकते. माळवदाचे आठ टन आहेत तिथेच राहू बघतात, कारण जडपणा म्हणजे हेच. खांबांचे पाय जमिनीबरोबर जातात, डोकी मागे राहतात. तुळई खांबावर नुसती टेकलेली आहे, टोक खाचेत बसवलेलं, वजनाच्या भरवशावर. सांध्याला तिरपा आधार नाही. सांगाडा एका बाजूला झुकतो, परत येतो, दुसऱ्या बाजूला झुकतो. भिंतीचा झोका वेगळा, लाकडाचा वेगळा. दोघांना एकत्र बांधलेलं नाही, म्हणून ते एकमेकांवर आदळतात. कड्यांची टोकं आतून भिंतीला धडका देतात. पहिल्या दोन-चार धडकांत आतला थर फुगतो, चिपा खाली सरकतात, आणि दगड आत कोसळायला लागतात. खोलीच्या आत, झोपलेल्यांवर. जाड भिंतीत दगड जास्त, एवढाच तिच्या जाडीचा अर्थ उरतो.

सगळं एका मिनिटाच्या आत.

सकाळी उजाडल्यावर गावातून चाला. बावन्न गावं जमीनदोस्त झाली आहेत, मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास जाईल. जखमींना घेऊन गाड्या लातूरकडे, सोलापूरकडे निघाल्यात. या भागाला भूकंपाच्या सरकारी नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. दगडांच्या ढिगांमधून चालताना मधेच तुम्हाला एक दृश्य दिसेल आणि तिथे थांबावं लागेल. भिंती चारी बाजूंनी गेल्यात, आणि मधे लाकडी खण उभा आहे. खांब कललेत, एखादी तुळई तडकलीय, पण माळवद वर आहे. असे सांगाडे अनेक ठिकाणी उभे राहिले.

त्या तुळईपाशी जा. तडा कसा गेलाय बघा. ती एका रेषेत तुटलेली नाही. खालच्या बाजूचे धागे फाटलेत, लांब लांब चिरफाळ्या लोंबताहेत, वरचे धागे अजून धरून आहेत. सांधे हलले, घासले, करकरले, आणि त्या घासण्यात धक्क्याची शक्ती जिरत गेली. कुणा सुताराने शंभर वर्षांपूर्वी तासलेलं लाकूड हरत हरत उभं राहिलं.

इथून 52 वर्षं मागे एक उडी मारू, कारण हीच गोष्ट एका माणसाने जाणूनबुजून करून दाखवली होती. 1941 चं लंडन. वरून बाँब पडताहेत, दुमजली घरं कोसळताहेत. एका घराच्या बैठकीत पोलादी पत्र्याचं एक बुटकं टेबल आहे, बाजूंना जाळी, आत गादी. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री त्याच्या आत झोपायचं. याला मॉरिसन शेल्टर म्हणत. ते आखलं जॉन बेकर या अभियंत्याने, आणि त्याचा विचार धाडसी होता. वरचा मजला कोसळला तर हे टेबल ताठ राहिलं पाहिजे असा हट्ट त्याने धरला नाही. ते वाकेल, कायमचं वाकेल, पुन्हा वापरता येणार नाही. फक्त आतल्या माणसापर्यंत पोचण्याआधी वाकणं थांबलं पाहिजे. किती वाकू द्यायचं याचा त्याने हिशेब केला. त्या एका वर्षाच्या अखेरीपर्यंत अशी सुमारे पाच लाख टेबलं घराघरांत पोचली. मोडायची तयारी ठेवून आखलेली ती वस्तू मला अभियांत्रिकीतल्या सगळ्यात माणुसकीच्या वस्तूंपैकी एक वाटते.

परत या, भूकंपानंतरच्या वर्षांत. पुनर्वसनाच्या कामात पडली नाहीत ती जुनी घरं सावरताना जे सांगितलं गेलं ते ऐकलंत तर चकित व्हाल, इतकं ते साधं आहे. माळवदावरची जादा माती उतरवा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन थर एक होतील. भिंतीभोवती पट्टा बांधा. आणि खांब जिथे तुळईला भेटतो त्या कोपऱ्यात तिरपा टेका ठोका. पहाटे कोसळलेल्या त्या घराला एवढंच हवं होतं. किंमत बघितली तर पोटात कालवतं.

त्याच 1993 सालात भारतीय मानक ब्युरोची आयएस 13920 ही संहिता आली. भूकंपात लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटने तुटण्याआधी वाकावं म्हणून सळया कशा बांधायच्या, हा तिचा विषय. 2002 मध्ये भूकंपाचा नकाशाही बदलला. जुना पहिला पट्टा काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. कागद बदलला. कागदावरचं सळईपर्यंत पोचलं का, हे बघायला आता आजच्या दिवसात उतरा.

जुळे सोलापूर. एका प्लॉटवर तीन मजल्यांचं काम चाललंय. शेजारची इमारत आधीच उभी आहे आणि दोघींत हातभर जागाही नाही. वर बघा. शेजारच्या इमारतीचा स्लॅब या नव्या इमारतीच्या कॉलमच्या बरोबर मध्यावर येतोय. जमीन हलली तर दोघी आपापल्या चालीने डोलतील आणि एकमेकींवर आदळतील. स्लॅब स्लॅबवर आदळला तर नुकसान होतं, पण तो कॉलमच्या पोटात बसला तर कॉलमच कापला जाऊ शकतो. मधली जागा सोडणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि प्लॉटचा दर बघता सगळ्यात महागही. त्याची वेळ इथे निघून गेली आहे. राहिलंय ते सळयांचं काम.

फिटर पाटावर बसलाय. खिळ्यांच्या मधे बारीक सळई अडकवून चावीने रिंगा वळतोय. हात इतका सराईत की बघत राहावं. रिंग चौकोनी झाली, शेवटचं टोक काटकोनात वळलं, फेकली ढिगात. पुढची.

तुम्ही एक रिंग उचलता. टोक 90 अंशांत आहे. ते आत, गाभ्याकडे, 135 अंशांत वळायला हवं. फरक बोटभराचा. पण कॉलम डोलायला लागला की बाहेरचं काँक्रीट आधी सुटून पडतं. काटकोनातलं टोक त्याबरोबर उघडतं, रिंग सैल होते, आतलं काँक्रीट फुटून बाहेर येतं आणि उभ्या सळया फुगतात. आत वळलेलं टोक गाभ्यातच रुतलेलं असतं. ते सुटत नाही. रिंग धरून ठेवते, आतलं काँक्रीट फुटलं तरी जागेवर राहतं, पोलाद वाकत राहतं, आणि वरचा स्लॅब वरच राहतो. सांध्याजवळ रिंगा दाट हव्यात, बीमच्या टोकापासून त्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत. वाक तिथेच येतो.

“मालक, एवढं कोण बघतंय?” फिटर हसून म्हणतो. “काँक्रीट पडलं की झाकून जातं सगळं.”

“म्हणूनच आत्ता बघतोय. टोक आत वळवा, दादा. आणि सांध्यापाशी अंतर कमी करा.”

तो ढिगाकडे बघतो. सकाळपासूनचं काम आहे. “ह्या वळलेल्या पण?”

“त्या पण.”

तो कुरकुरतो, पोऱ्याला हाक मारून ढीग जवळ ओढायला सांगतो. मग पहिली रिंग पुन्हा खिळ्यांत बसवतो, चावी लावतो आणि टोक आतल्या बाजूला दाबतो.